जमैकन ख्रिसमस केक : फळे महिनोन्महिने मुरवावीत की आयत्या वेळी शिजवावीत?

जमैकात नाताळच्या दिवसांत जो काळाभोर, ओलसर केक कापला जातो आणि ज्याच्यासोबत सॉरेलचे, म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे, आले घातलेले सरबत दिले जाते, त्याची पाककृती शोधू लागले की दोन परस्परविरोधी सूचना हाती येतात. एक सांगते की फळे निदान दोन महिने, शक्य असल्यास वर्षभर, रम आणि वाइनमध्ये मुरू द्यावीत. दुसरी सांगते की तीच फळे अर्ध्या तासात मंद आचेवर शिजवून घ्यावीत. जमैकन घरांत दोन्ही पद्धती चालतात, त्यामुळे ‘अस्सल कोणती’ या प्रश्नाने निवड सुटत नाही. केक कधी खाल्ला जाणार आहे आणि तो किती दिवस टिकायला हवा, एवढ्यावरूनच ती करावी, असे माझे मत आहे.

आधी मुरवण्याची पद्धत पाहू. काळे मनुके, करंट (बारीक काळ्या द्राक्षांचे छोटे मनुके), प्रून (सुके आलुबुखारे), चेरी आणि पाकवलेल्या संत्र्या-लिंबांच्या साली काचेच्या बरणीत भरून त्यांवर व्रे अँड नेफ्यू या जमैकन कंपनीची पांढरी ओव्हरप्रूफ, म्हणजे नेहमीपेक्षा बरीच तीव्र, रम आणि जमैकाचीच गोड रेड लेबल वाइन ओततात. या रममध्ये 63 टक्के मद्यार्क असतो आणि इतक्या तीव्र द्रवात बुरशी किंवा जंतू वाढू शकत नाहीत. म्हणूनच ही बरणी फ्रिजबाहेर, अंधाऱ्या कपाटात ठेवली तरी चालते आणि अनेक घरांत एका नाताळपासून दुसऱ्या नाताळपर्यंत तशीच राहते. आपल्याकडची रम साधारण 42.8 टक्क्यांची असते. तीही चालते, मात्र वाइनपेक्षा रमचे प्रमाण जास्त ठेवावे आणि फळे सतत द्रवाखाली बुडालेली राहतील याकडे लक्ष द्यावे. या काळात रमचा उग्रपणा फळांतल्या साखरेत विरत जातो, आणि तयार झालेला केक कागदात गुंडाळून, अधूनमधून थोडी रम पाजत ठेवला तर आठवडेच्या आठवडे टिकतो. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायचा असेल किंवा नाताळच्या बराच आधी भाजून ठेवायचा असेल, तर दुसरी पद्धत या पद्धतीची बरोबरी करू शकत नाही.

शिजवण्याच्या पद्धतीत फळे वाइन आणि थोड्या पाण्यात झाकण ठेवून वीस ते तीस मिनिटे मंद आचेवर ठेवायची आणि पूर्ण गार होऊ द्यायची. रम घालायची असेल तर गॅस बंद केल्यानंतरच घालावी, कारण ओव्हरप्रूफ रमची वाफ ज्योतीजवळ पेट घेऊ शकते. अशी फळे चांगली फुगतात आणि केक पहिल्या दिवसापासून मऊ लागतो, त्यात फळांची चव रमपेक्षा पुढे असते. चवीची खोली मात्र कमी राहते, आणि ती थोडीफार भरून काढायची तर भाजल्यावर केकवर वाइन शिंपडून त्याला चार-पाच दिवस विसावू द्यावे लागते. डिसेंबर उजाडल्यावर हा केक करायचे मनात आले असेल, तर मी निःसंकोचपणे हीच पद्धत सुचवेन. दोन-तीन दिवस भिजवून काम भागवण्याचा मधला मार्ग सर्वांत वाईट आहे. त्यात फळांना वरून कच्च्या दारूचा झणका येतो आणि आतून ती चिवटच राहतात.

फळे वाटावीत की अख्खी ठेवावीत, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. त्रिनिदादच्या ब्लॅक केकसाठी ती बहुधा वाटून लगदा करतात. जमैकात दोन्ही प्रकार दिसतात. मी अर्धी वाटून अर्धी तशीच ठेवण्याच्या बाजूची आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. हा केक फळांमुळे नव्हे, तर ‘ब्राउनिंग’मुळे, म्हणजे जवळजवळ काळी होईपर्यंत जाळलेल्या साखरेमुळे काळा होतो, आणि त्या साखरेचा किंचित कडवटपणा एवढ्या गोडव्याला तोलून धरतो. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये किंवा टोरांटोतल्या लिटल जमैकात, अशा कॅरिबियन वस्त्यांत, राहणाऱ्यांना ते बाटलीत सहज मिळते. काही बाटल्यांत मीठही असते, तेव्हा लेबल वाचून पिठातले मीठ कमी करावे. महाराष्ट्रात ते घरीच करावे लागते. जाड बुडाच्या पातेल्यात साखर वितळून गडद होऊन धूर येऊ लागला की गॅस बंद करून, हात लांब ठेवून, थोडे-थोडे गरम पाणी घालावे. पोर्ट वाइन आपल्याला गोव्याची मिळते आणि ती रेड लेबलच्या जागी चांगली बसते. टूटीफ्रूटी मात्र पाकवलेल्या सालींच्या जागी घालू नये. ती कच्च्या पपईची असते आणि सालींचा कडसर सुगंध तिच्यात नसतो.

दोन्ही पद्धतींत पुढचे प्रमाण सारखेच राहते: सुमारे 225 ग्रॅम लोणी तितक्याच ब्राउन शुगरबरोबर फेसावे, पाच-सहा अंडी, 225 ते 250 ग्रॅम मैदा, दालचिनी, जायफळ, ऑलस्पाइस (मिरीसारख्या दिसणाऱ्या वाळवलेल्या फळांचा मसाला) आणि 900 ग्रॅमच्या आसपास फळे. हे मिश्रण कागद लावलेल्या दोन टिनांत 150 अंशांवर दीड तासाच्या आसपास भाजले जाते, आणि ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात पाण्याचा ट्रे ठेवल्यास वरचा थर कोरडा पडत नाही. ओव्हन नसेल तर तेच मिश्रण वाफवताही येते. शिटी काढलेल्या कुकरमध्ये, मधूनमधून पाणी घालत, दोन ते तीन तास लागतात. त्याला कवच येत नाही, पण ओलावा भरपूर राहतो.

घरात मद्य वर्ज्य असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. द्राक्षांच्या किंवा संत्र्याच्या रसात फळे बाहेर मुरत ठेवल्यास ती आंबतात, म्हणून ती शिजवूनच घ्यावी लागतात. ज्यांच्यासाठी मद्य पूर्णपणे टाळायचे आहे, लहान मुलांसाठीसुद्धा, त्यांनी ‘भाजताना दारू उडून जाते’ या समजुतीवर विसंबू नये. तिचा काही अंश केकमध्ये राहतो आणि नंतर पाजलेली रम तर जशीच्या तशी राहते. रसातल्या फळांचा केक फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावा, आणि म्हणून तो नाताळच्या दोन-तीन दिवस आधीच भाजावा.