६० वॅटचे १६ दिवे आणि नागपूरचे दोन उन्हाळे

काटोल रोडवरील आमच्या लग्नसमारंभांच्या लॉनच्या आवारात १६ खांब आहेत. त्यांवर पूर्वी १५० वॅटचे सोडियमचे पिवळे दिवे होते. गेल्या वर्षी मार्चमध्ये ते उतरवून ६० वॅटचे एलईडी स्ट्रीट लाइट चढवले. त्याच वेळी हिरवळीभोवतीचे ४०० वॅटचे १० मेटल हलाइड, ज्यांना आमच्याकडे वायरमनपासून वरपित्यापर्यंत सगळेच ‘हॅलोजन’ म्हणतात, काढून २०० वॅटचे एलईडी फ्लड लाइट लावले. दोन उन्हाळे आणि एक पावसाळा पाहून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण या धंद्यात एकाच साच्यातून निघालेली ॲल्युमिनियमची बॉडी चार वेगवेगळ्या छापांनी विकली जाते आणि आतला ड्रायव्हर, म्हणजे चिपांना हवी तशी वीज पुरवणारे सर्किट, प्रत्येकाचा निराळा असतो. नाव वाचून कोणी तीच बॉडी घरी आणली, तरी दिवा तोच मिळेल याची हमी मला देता येणार नाही.

आधी उष्णतेबद्दल, कारण आमच्या गावात तोच पहिला प्रश्न आहे. एलईडी थंड असतो हा समज चुकीचा आहे. त्याच्या प्रकाशात उष्णता नसते एवढेच खरे. त्याला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक भागाची उष्णताच होते, आणि ती समोरून बाहेर पडत नसल्यामुळे प्रकाश देणाऱ्या चिपच्या पाठीमागून ओढून न्यावी लागते. चिप ज्या पट्टीवर बसवलेली असते ती धातूची आहे की नाही, पट्टी आणि बॉडी यांच्यामध्ये उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट नीट पसरलेली आहे की मध्येच एक थेंब टाकून झाकण लावले आहे, आणि बॉडी मुळात किती जाड आहे, या तीन गोष्टींवर दिव्याचे आयुष्य ठरते. कॅटलॉगमधील बहुतेक आकडे भोवतालचे तापमान २५ अंश धरून दिलेले असतात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असताना आमच्या खांबांवर रात्री आठ वाजताही हवा ३८ अंशांच्या आसपास असते, आणि दिवसभर ४५ अंशांच्या उन्हात तापलेला खांब व बॉडी निवायला आणखी वेळ लागतो. म्हणून खरेदीच्या वेळी लेबलवर ‘टीए’ या अक्षरांपुढे किती अंश लिहिले आहेत, म्हणजे भोवताली किती तापमानापर्यंत दिवा चालेल, हे मी सर्वांत आधी पाहिले. आमच्या दिव्यावर ५० आहे. त्याच दुकानात ३५ लिहिलेला माल निम्म्या किमतीला होता, आणि तो नागपुरात कोण घेते हे कुतूहल मला अजूनही आहे.

बसवल्याच्या पहिल्याच रात्री शिडीवर चढून बॉडीला हात लावला, तर ती चांगलीच गरम लागली. मी घाबरून आमच्या वायरमनला खाली हाक मारली, तर तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, बॉडी तापून राहिली म्हणजे गरमी बाहेर येऊन राहिली. थंडी लागली असती तर घाबरायचं होतं, मंग ती आतच कोंडली असती.” त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. पूर्वी पार्किंगमध्ये लावलेला एक स्वस्त दिवा हाताला गार लागायचा, आणि त्याच्या चिपा आठ महिन्यांत एकेक करून काळ्या पडल्या.

या बॉडीच्या रचनेत मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे तिची पाठ. उष्णता बाहेर टाकण्यासाठी असलेले पंखे, म्हणजे पाठीवरच्या उभ्या धातूच्या पट्ट्या, येथे कडेला आणि उतरत्या आहेत. माथा गुळगुळीत आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक दिव्यांच्या पाठीवर या पट्ट्यांची दाट रांग आकाशाकडे तोंड करून असते. चित्रात ती भारदस्त दिसते. खांबावर मात्र एप्रिलच्या वावटळींची धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्या फटींत साचून घट्ट लेप बसतो, आणि मग त्या पट्ट्या गोधडीचे काम करतात. आमच्या दिव्यांवरची धूळ पहिल्या दोन सरींत धुऊन गेली.

चिप सहसा आधी जात नाही, ड्रायव्हर जातो. ड्रायव्हरमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारा एक भाग) असतो आणि तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे ड्रायव्हर चिपांच्या पाठीला पाठ लावून बसवलेला असेल, तर उत्पादकांच्या ५०,००० तासांच्या आयुष्याच्या दाव्याला फारसा अर्थ उरत नाही. आमच्या दिव्यात दोघांचे कप्पे वेगळे आहेत, मध्ये धातूची भिंत आहे, आणि ड्रायव्हरचा कप्पा दोन स्क्रू काढले की उघडतो. दुकानदाराला मी आधी हेच सांगितले होते की, दिवा पेटवून दाखवू नका, खोलून दाखवा. त्याने नाराजीने का होईना, खोलून दाखवला. जे दिवे गोंदाने बंद केलेले असतात आणि ज्यांत वेगळा ड्रायव्हरच नसतो, म्हणजे बाजारात ज्याला डीओबी (ड्रायव्हर ऑन बोर्ड) माल म्हणतात, ते उघड्यावर लावू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांत सारे भाग चिपांच्याच पट्टीवर चिकटवलेले असतात. विजेचा एक झटका आला की अख्खा दिवा भंगारात जातो.

झटक्यांचा अनुभव आम्हालाही आलाच. गेल्या जूनमध्ये पहिल्या वादळी रात्री ११ नंबरच्या खांबावरचा दिवा गेला. या दिव्यांत १० किलोव्होल्टचे सर्ज संरक्षण, म्हणजे अशा झटक्यांपासून वाचवणारा भाग, वेगळे बसवलेले आहे, म्हणून मी चिडून दुकानात फोन केला. पण वायरमनने खांबाच्या बुडाशी माती उकरली तेव्हा अर्थिंगची पट्टी गंजून तुटलेली निघाली. सर्ज संरक्षक जादा व्होल्टेज जमिनीत ढकलतो, आणि जमिनीकडे जाणारी वाटच तुटली असेल तर तो बिचारा काय करणार? दोष आमचा होता. न्यूट्रलची तार तुटल्यावर सिंगल फेजच्या तारेवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो, तोही या ड्रायव्हरने एकदा सहन केला. तो आपणहून बंद पडला आणि दाब सुधारल्यावर पुन्हा सुरू झाला. त्याच रात्री आमच्या ऑफिसातला पंखा आणि राउटर मात्र वाचले नाहीत.

पाण्याबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण सांगणाऱ्या आयपी-६६ या आकड्यातला पहिला ६ धूळ अजिबात आत जात नाही असे सांगतो आणि दुसरा ६ जोरदार फवाऱ्याला दिवा टिकतो असे सांगतो. परंतु तापलेल्या दिव्यावर संध्याकाळी अचानक पाऊस कोसळला की आतली हवा एकदम आकसते, आणि दिवा जिथून मिळेल तिथून बाहेरचे ओलसर वारे ओढून घेतो. ही वाट बहुधा काचेकडून नसते, तर मागच्या केबल ग्लँडकडून, म्हणजे वायर आत जाते तिथल्या आवळायच्या बुचाकडून, असते. चौथ्या खांबावरच्या काचेत आतून वाफ धरलेली दिसली तेव्हा ग्लँड हाताने फिरत होती. पाना लावून ती आवळलीच नव्हती. नंतर कळले की चांगल्या दिव्यांत हवा आत-बाहेर होऊ देणारी पण पाणी अडवणारी एक लहानशी जाळीदार चकती असते. आमच्या मॉडेलमध्ये ती नाही. या किमतीत ती द्यायला हवी होती, ही माझी पहिली खरी तक्रार आहे. समोर काच मात्र टफन्ड (मुद्दाम मजबूत केलेली) आहे. जुन्या गेटवरच्या दिव्याचे पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिकचे झाकण, तीन उन्हाळ्यांत पिवळे पडले होते, तसे येथे होणार नाही.

आता प्रकाशाकडे येतो. सोडियमच्या दिव्याखाली भाड्याने आणलेल्या लक्स मीटरवर (उजेड मोजायच्या यंत्रावर) थेट खाली ३८ आणि दोन खांबांच्या मधोमध ५ असा आकडा यायचा. नव्या दिव्याखाली २४ येतो आणि मधोमध ११. म्हणजे जास्तीत जास्त आकडा घटला, पण रस्ता मात्र उजळ दिसतो, कारण डोळ्याला खुपतो तो उजेडातला चढउतार. ही किमया लेन्सची आहे: प्रत्येक चिपवरचे भिंग प्रकाश गोल न पाडता रस्त्याच्या लांबीने लांबट पसरवते. दिवा जमिनीला समांतर ठेवला तरच हे साधते. मिस्त्री लोकांना तो वर उचलून लांब फेकायची सवय असते, आणि मग उजेड शेजारच्या गच्चीवर आणि येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत जातो. आमच्या शेजाऱ्यांनी सोडियमच्या काळात दोनदा भांडण काढले होते. यंदा त्यांनी दिव्यांचा विषयही काढला नाही.

दुकानदार ६,५०० केल्विनचा (हा आकडा उजेडाची छटा सांगतो; जितका मोठा तितका उजेड निळसर) पांढराशुभ्र माल गळ्यात मारू पाहत होता, कारण तो ‘जास्त दिसतो’ आणि त्याच वॅटमध्ये थोडे अधिक ल्युमेन, म्हणजे उजेड, देतो. मी पार्किंगला ४,००० आणि हिरवळीला ३,००० केल्विन घेतला. निळसर उजेडावर पावसाळ्यात पाखरे, म्हणजे उडणारे किडे, तुटून पडतात, आणि जेवणाच्या काउंटरवर एक पाखरू पडले तरी केटररला वर्षभर ऐकावे लागते. रंगांबद्दलही मी आग्रही राहिलो. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा (निळा उजेड पिवळ्यात बदलणाऱ्या पदार्थाचा) थर. त्यात गडद लाल रंग मुळातच कमी असतो, आणि दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा आकडा ज्या ८ रंगांच्या सरासरीवर काढतात त्यांत हा गडद लाल धरलेलाच नाही. नमुन्यादाखल लावलेल्या ७० सीआरआयच्या दिव्याखाली सावजी रश्शावरची तर्री विटकरी, मेलेली दिसत होती आणि नवरीचा शालू तपकिरी. ८० च्या वरचा, लाल रंगाला वेगळा आकडा लिहून देणारा दिवा लावला तेव्हा तर्री पुन्हा तर्रीसारखी चमकली. खांबांवर एवढी चैन करायची गरज नाही. तिथे ७० पुरते.

व्हिडिओ चित्रणासाठीही दिव्यांची परीक्षा घेतलीच. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचे चित्रण केले की हलक्या ड्रायव्हरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकताना दिसतात. आमच्या दिव्यांच्या चित्रणात लुकलुक किंवा तिचे पट्टे आले नाहीत.

विजेचा हिशेब खांबांपुरता सोपा आहे. सोडियमचा दिवा चोकसकट सुमारे १७० वॅट घ्यायचा. १६ दिवे रोज १२ तास, म्हणजे साडेबत्तीस युनिट. ६० वॅटचे तेवढेच दिवे साडेअकरा युनिट घेतात. त्यातही या ड्रायव्हरमध्ये ५ तासांनंतर उजेड ४० टक्क्यांवर आणण्याची सोय आहे, त्यामुळे आकडा साडेसातच्या आसपास येतो. रोज २५ युनिट वाचले तर वर्षाला ९,००० हून अधिक होतात. एका दिव्याला ३,४०० रुपये पडले होते, आणि व्यावसायिक दराने पाहता ती रक्कम वर्ष पुरे होण्याआधीच फिटली. या सोयीत एक खोट आहे: वेळ कारखान्यातच ठरवलेली असते. मुहूर्ताच्या रात्री साडेअकराला, पाहुणे गाड्या काढत असतानाच, पार्किंग मंद होते. उपाय गावठी पण चोख आहे; एमसीबी (मीटरजवळचा खटका) दहा सेकंद पाडून पुन्हा उचलला की ड्रायव्हर नव्याने ५ तास मोजू लागतो. चौकीदाराला ते आता पाठ झाले आहे.

हिरवळीच्या फ्लड लाइटचा हिशेब मात्र अगदी वेगळा निघाला, आणि विक्रेते हा भाग टाळतात. तिथले दिवे वर्षातून जेमतेम ४५ रात्री, ५-५ तास जळतात. १० दिव्यांवर मिळून वर्षाला सव्वापाचशे युनिटांच्या आसपास बचत होते. ७५,००० रुपयांचा खर्च त्यातून वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. मी ते बदलले ते विजेसाठी नव्हे. मेटल हलाइडचा दिवा एकदा विझला की गरम असेपर्यंत पुन्हा पेटत नाही, त्याला १० ते १५ मिनिटे लागतात. दोन वर्षांपूर्वी ऐन वरमालेच्या वेळी लाइट गेली, जनरेटर अर्ध्या मिनिटात सुरू झाला, आणि तरी हार हातात घेऊन नवरानवरी मोबाइलच्या टॉर्चमध्ये उभी राहिली. एलईडी त्याच क्षणी पेटतो. ज्यांचे लॉन जनरेटरवर चालते त्यांनी हे कारण पुरेसे मानावे; ज्यांच्या दुकानाबाहेर पाटीवर महिन्यातून चारदाच दिवा लागतो, त्यांनी जुना जळेपर्यंत वापरावा.

वॉरंटी तीन वर्षांची आहे. ११ नंबरचा ड्रायव्हर दोष आमचा असूनही दुकानाने बदलून दिला, पण त्याला १९ दिवस लागले आणि तेवढे दिवस त्या कोपऱ्यात आचाऱ्याने बल्ब टांगून काम चालवले. म्हणून यंदा दोन ड्रायव्हर जादा घेऊन कपाटात ठेवले आहेत, सगळ्या खांबांची अर्थिंग तपासून घेतली आहे, आणि गेटवरचे दोन दिवे बदलायचे राहिले आहेत. त्यांच्यासाठी ग्लँडशेजारी ती चकती असलेले मॉडेल शोधतो आहे.