बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट: आरओ घ्यावा की मनी प्लांट लावावा?

घरच्या माशांच्या टँकमधलं नायट्रेट वाढलं की पहिला सल्ला ठरलेला: पाणी बदला. पण तो सल्ला देणारा बहुतेक वेळा धरणाच्या पाण्यावर राहतो. नवं पाणीच नायट्रेट घेऊन येत असेल तर? विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात हे काही नवलाचं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेटसाठी देशातले जे सर्वांत त्रासाचे 15 जिल्हे दिले आहेत, त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, नांदेड आणि बीड आहेत. शेतातला युरिया आणि गावातले शोषखड्डे दोन्ही जमिनीत मुरतात आणि शेवटी आपल्या मोटरीतून वर येतात. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. आमच्या बोअरचं पाणी टेस्ट किटमध्ये (पाण्यात थेंब टाकून रंगावरून नायट्रेट मोजतात ते) साधारण 40 च्या रंगाला जातं. म्हणजे माणसांना चालतं, पण टँकमध्ये सुरुवातच तिथून होते.

याचा हिशोब एकदा मांडून बघा. माशांच्या खाण्यापिण्यातून टँकमध्ये आठवड्याला 10 ची भर पडते असं धरू, आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं. नवं पाणी स्वच्छ असेल तर आकडा 30 ते 40 च्या मध्ये स्थिरावतो. तेच पाणी 40 चं असेल तर 70 ते 80. अर्धा टँक बदलायला लागलात तरी 50 च्या खाली येणं नाही. किटमध्ये 40 आणि 80 चे लाल रंग शेजारी धरले तर ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही ते वेगळंच. (किटमधल्या दुसऱ्या नंबरच्या थेंबांची बाटली अर्धा मिनिट नीट हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ‘नायट्रेट नायट्रोजन’ लिहिलं असेल तर साडेचारने गुणा, मग किटशी तुलना करा.)

तेव्हा उरतात दोन रस्ते. नवं पाणी स्वच्छ करून टाकायचं, म्हणजे आरओ. नाहीतर टँकमधलं नायट्रेट कुणाला तरी खाऊ घालायचं, म्हणजे मनी प्लांट. नायट्रेट ओढणारं रेझिनही मिळतं, पण ते मिठाच्या पाण्यात धुऊन पुन्हा पुन्हा ताजं करावं लागतं आणि पाण्यात सल्फेट जास्त असेल तर साधं रेझिन त्याच्याच मागे लागतं. बोअरवाल्यांनी त्या वाटेला न गेलेलं बरं, असं मला वाटतं.

आरओची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. मेम्ब्रेन, म्हणजे आतला गाळणारा पडदा, चांगलं असेल तर बहुतांश नायट्रेट त्याच दिवशी बाहेर. वाट पाहणं नाही, पानं पिवळी पडण्याची काळजी नाही. निऑन टेट्रा किंवा डिस्कस मासे पाळायचे असतील तर जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यातून सुटका होते, हा दुसरा फायदा. पण आमच्यासारख्या गप्पी-मॉलीवाल्यांचं इथेच अडतं. मॉलीला जड पाणीच मानवतं आणि निव्वळ आरओच्या पाण्यात पीएच सावरून धरणारं काही उरत नाही. मग क्षार विकत आणून घाला, नाहीतर अर्धं बोअरचं मिसळा. अर्धं बोअर मिसळलं की 20 चं नायट्रेट पुन्हा आत.

तरी हेही सोसलं असतं. माझं मन फिरलं ते वेस्टच्या पाण्यावरून. घरगुती आरओ एक लिटर चांगल्या पाण्यामागे साधारण तीन लिटर फेकतो. 100 लिटरच्या टँकचं चौथाई पाणी बदलायचं तर 75 लिटर वेस्ट. अर्धं बदलायचं तर 150. अमरावतीच्या मे महिन्यात एवढं पाणी मोरीत सोडून द्यायला हात धजत नाही. म्हणून ते बादल्यांत साठतं. फरशी पुसायला किती लागणार? कुंड्यांना घातलं तर वरची माती पांढरी पडते. कूलरमध्ये ओतावं हे घरातल्या प्रत्येकाला सुचतं, मलाही सुचलं. ताट्यांवर क्षारांची अशी पुटं चढली की हवा यायची थांबली आणि ऐन उन्हाळ्यात ताट्या बदलाव्या लागल्या. मोरीत भरलेल्या बादल्या, गॅलरीत भरलेल्या बादल्या, आणि आंघोळीला निघालेला माणूस विचारतोय की रिकामी कुठली. यात गंमत अशी की ते नायट्रेट कुठे नाहीसं झालेलं नसतंच, ते त्या बादल्यांत आणखी दाट होऊन बसलेलं असतं.

मनी प्लांटकडे मी थोडा अविश्वासानेच वळलो. करायचं फार काही नसतं. पेर असलेली फांदी घ्यायची, मुळं पाण्यात, पानं बाहेर. पानं बुडली की सडतात. मातीतलं झाड धुऊन लावण्यापेक्षा ताजी कटिंग बरी, कारण मातीतली मुळं पाण्यात बरेचदा कुजतात आणि पाण्याची मुळं नव्याने फुटावी लागतात. कार्बन डायऑक्साइड पानांना हवेतूनच मिळतो, त्यामुळे पाण्याखालच्या झाडांसारखी त्याची अडचण होत नाही. उजेड मात्र हवा. टँक अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर हा उपाय विसरा.

दोष आहेतच. पहिले काही आठवडे काहीच घडत नाही आणि तेवढ्यात धीर सुटतो. मुळं वाढली की फिल्टरच्या तोंडाशी गुंता करतात, छाटावी लागतात. फांद्यासुद्धा छाटायच्याच, कारण नायट्रोजन टँकबाहेर जातो तो या छाटणीतूनच. पिवळं पान पाण्यात गळून कुजलं तर घेतलेलं सगळं परत. पानांत कॅल्शियम ऑक्झलेट असतं, घरात मांजर असेल तर वेल तिच्या तोंडाला लागणार नाही असा चढवा.

किटचा रंग आता लालऐवजी नारिंगीकडे असतो. आकडा छातीठोक सांगणार नाही, सगळं श्रेय वेलीला देणंही कदाचित बरोबर नसेल, कारण मधल्या काळात मी खाणंही कमी केलं. पण पुढच्या काचेवरचा हिरवा थर पूर्वी दर आठवड्याला खरवडावा लागायचा, आता महिनाभर आठवण होत नाही. वेल ग्रिलवर चढली आहे आणि तिच्या कटिंगा शेजारच्या काकूंकडे गेल्या आहेत. बादल्या आंघोळीला मोकळ्या आहेत, हे माझ्यासाठी किटच्या रंगाइतकंच महत्त्वाचं.

एका बाबतीत मात्र आरओ अजून लागतो. उन्हाळ्यात टँकचं पाणी भराभर उडतं, क्षार आणि नायट्रेट मागे राहतात, आणि घट भरायला पुन्हा बोअरचं टाकलं की दोन्ही चढत जातात. ती घट पिण्याच्या आरओच्या पाण्याने भरावी. कळशीभराचं वेस्ट कुठेही जिरतं. अधूनमधून थोडं पाणी बदलणंही चालूच ठेवावं, कारण वेल क्षार घेत नाही.

डिस्कस पाळणाऱ्याने माझं ऐकू नये, सरळ आरओ घ्यावा. गोल्डफिशवाल्यांनी वेल लावायच्या आधी मुळांभोवती जाळी बसवावी, नाहीतर ते मुळंच खाऊन टाकतात. आणि लहान टँकमध्ये मोठे गोल्डफिश असतील तर एकट्या वेलीला तो भार पेलेलसं मला वाटत नाही.