आई-बाबांचं ग्रीन कार्ड: मुंबईतून करायचं की अमेरिकेत पोहोचल्यावर?

मावसभावाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला होता. "आईकडे दहा वर्षांचा टूरिस्ट व्हिसा आहेच. दिवाळीनंतर तिला घेऊन येतो आणि इथेच ग्रीन कार्डचे पेपर टाकतो. तिथल्या कॉन्सुलेटच्या भानगडीत कशाला पडायचं?" मावशी मुलुंडच्या घरात माझ्या शेजारी मेथी निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले.

त्यानंतर सव्वा वर्ष मावशीच्या कागदांची पिशवी माझ्याकडे होती. दोन्ही वाटा मी नीट वाचल्या, विचारल्या, आणि शेवटी तिचं काम मुंबईतूनच झालं. माझं मत एका वाक्यात सांगते: दोन्ही वाटांनी मिळणारं कार्ड एकच आहे, फरक पडतो तो वाट कुठे बसून पाहायची यात. साठी-सत्तरीच्या माणसाने ती स्वतःच्या घरात बसून पाहावी.

पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक हवी आणि वय किमान 21 हवं. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्या मुलाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिक मुलाने आय-130 हा फॉर्म भरायचा. आईचा वेगळा, बाबांचा वेगळा. 'बाबांच्या फाइलवर आई' असं या वर्गात चालत नाही, आणि घरातल्या धाकट्या भावंडालाही त्यात बसवता येत नाही. नागरिकांचे आई-वडील आणि नवरा-बायको यांना वार्षिक कोट्याची मर्यादा नाही, म्हणून त्यांची फाइल पुढे सरकते. भावाने बहिणीसाठी केलेला अर्ज मात्र भारतीयांच्या बाबतीत दीड दशकाहून जास्त रांगेत उभा राहतो. त्यांच्यासाठी हा लेख फारसा कामाचा नाही.

मुंबईची वाट

आय-130 मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी) जाते. तिथे ऑनलाइन फी भरायची, डीएस-260 हा लांबलचक फॉर्म भरायचा, मुलाचं आय-864 म्हणजे आर्थिक हमीपत्र आणि सगळे कागद स्कॅन करून चढवायचे. हमीपत्रासाठी मुलाचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान 125 टक्के लागतं. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. कागद पसंत पडले की मुलाखतीची तारीख मिळते, आणि ती मुंबईतच. भारतातल्या इमिग्रंट व्हिसाचं काम इथे होतं, त्यामुळे दुसऱ्या राज्यातले लोकही सामान घेऊन वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, म्हणजे बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये येतात. आपण लोकल पकडून जातो, हे मुंबईकराचं मोठंच सुख.

खरी परीक्षा कागदांची. मावशीचा जन्म चिपळूणजवळच्या खेड्यात, घरीच झालेला. जन्मनोंदणीचा 1969 चा कायदा महाराष्ट्रात लागू व्हायच्या कितीतरी आधीचा. ग्रामपंचायतीत नोंद नाही. मग 'नोंद आढळत नाही' असा दाखला काढला, शाळा सोडल्याचा दाखला जोडला आणि तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या मोठ्या मामांचं प्रतिज्ञापत्र केलं. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं. आपल्याकडे तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहितात, पण त्याची सरकारी नोंद कितीजणी करून ठेवतात? लग्नाचा दाखला आणि 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र, याने तो प्रश्न सुटला. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं आणि खाली भाषांतरकाराची सही हवी. स्कॅन करताना मागच्या बाजूचे शिक्केही घ्या. तुमच्या आईची गोष्ट अशीच असेल तर आय-130 भरायच्या दिवशीच या कागदांना हात घाला. ही धावपळ गावात आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन करावी लागते, न्यू जर्सीत बसून होत नाही.

त्याशिवाय पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी. तो पासपोर्ट सेवा केंद्राकडून मिळतो. अमेरिकेत अर्ज केला तर हा बहुधा लागत नाही, तिथे बोटांचे ठसे घेऊन तपासणी होते.

वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे नाही. इथे 15 वर्षांवरच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे काढतात. ज्यांना कधीकाळी टीबी होऊन गेलाय त्यांनी हे गांभीर्याने घ्यावं: जुना डाग दिसला तर थुंकीचे तीन नमुने घेऊन त्यात जंतू वाढतात का ते पाहायला कल्चर लावतात, आणि त्याच्या निकालाला आठ आठवडे लागतात. जुन्या उपचारांची फाइल माळ्यावर असेल तर आत्ताच खाली काढा. अमेरिकेत आधी रक्ताची चाचणी होते आणि तिच्यात काही निघालं तरच एक्स-रे.

मुलाखतीच्या दिवशी मावशी सकाळी सातलाच तयार. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तिचा फोन माझ्या पर्समध्ये आणि तिच्या हातात फक्त पारदर्शक फोल्डर. मुलाला यावं लागत नाही. उजवा हात वर करून शपथ, मग खिडकीपलीकडून प्रश्न: मुलगा काय करतो, कुठे राहतो, तुम्ही शेवटचं कधी भेटलात, यजमान कधी वारले. मराठीत बोलायची सोय झाली. दहा-बारा मिनिटांत ती बाहेर आली आणि म्हणाली, "सगळं खरंच तर सांगायचं होतं."

हा व्हिसा साधारण सहा महिने चालतो, आणि मेडिकलची मुदत आधी संपत असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात अमेरिकेत उतरायचं. उतरल्या क्षणापासून माणूस तिथला कायम रहिवासी. शिक्का मारलेला व्हिसाच वर्षभर पुरावा म्हणून चालतो आणि कार्ड पोस्टाने घरी येतं.

तिथे बसून अर्ज

दुसरी वाट म्हणजे आय-485, 'स्टेटस बदलणं'. माणूस अमेरिकेत कायदेशीर मार्गाने आत आलेला हवा. नागरिकाच्या आई-वडिलांना आय-130 आणि आय-485 एकदम भरता येतात, आणि तिथे राहण्याची मुदत उलटून गेलेली असली तरी चालतं. एनव्हीसी नाही, बीकेसी नाही. आई मुलाच्या घरी, नातवंडांजवळ. पालकांची मुलाखत काही वेळा माफही होते. ऐकायला हे सुटसुटीत वाटतं, आणि काही घरांसाठी खरोखर आहे: आई तिकडे गेली, आजारी पडली, एकटीला परत पाठवणं आता शक्यच नाही. अशा वेळी बेत नंतर बदलला हे खरं असतं, आणि कायदाही त्याला जागा देतो.

मावसभावाच्या बेतात मात्र मुद्दा वेगळा होता. टूरिस्ट व्हिसा म्हणजे 'फिरून परत येणार' असा शब्द. विमानतळावरचा अधिकारी विचारतो, कशासाठी आलात, किती दिवस राहणार. मनात कायम राहायचं ठरवून 'दोन महिने' म्हणणं हे खोटं सांगून प्रवेश घेणं झालं, आणि तो ठपका बसला तर बंदी आयुष्यभराची असते. आल्यावर पहिल्या 90 दिवसांतच अर्ज टाकला की संशय अधिकच बळावतो. या बंदीतून माफी मागता येते, पण त्यासाठी नवरा, बायको किंवा आई-वडील यांच्यापैकी कोणीतरी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक लागतं. मुलगा त्यासाठी पुरत नाही. मावशीचे यजमान नाहीत, आई-वडील कधीच गेले. म्हणजे एका वाक्याने तिचा दरवाजा कायमचा बंद झाला असता, मुलगा नागरिक असूनही. हे मी भावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. "सगळे असंच करतात" हा सल्ला देणाऱ्यांचं काम झालं असेल, पण ज्यांचं फिसकटलं ते लग्नकार्यात ती गोष्ट सांगत नाहीत.

दुसरी अडचण अडकून पडण्याची. आय-485 चालू असताना 'अॅडव्हान्स पॅरोल' ही परवानगी हातात न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. ती परवानगी यायला काही महिने जातात. तेवढ्यात इकडे सख्खी बहीण दवाखान्यात असो की भाचीचं लग्न, आईला निघता येत नाही. आणि विमानतळावर मिळालेली राहण्याची मुदत उलटल्यावर 180 दिवसांहून जास्त राहून मग बाहेर पडलं तर तीन वर्षं, वर्षाहून जास्त झालं तर दहा वर्षं परत येता येत नाही. अर्ज चालू असलेला काळ यात मोजत नाहीत, पण अर्ज टाकायच्या आधीचे दिवस मोजतात.

मुंबईत वाट बघतानाही एक कुचंबणा आहे, ती लपवत नाही. आय-130 भरल्यावर नातवाला भेटायला टूरिस्ट व्हिसावर जायचं म्हटलं तर अधिकारी शंका घेऊ शकतो. खरं सांगून जाऊन येता येतं, पण खात्री नसते. मावशीने त्या वर्षातलं बारसं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. पाळण्याची गाणी तिने इथून म्हटली.

पैसे आणि नकार

आय-130 ऑनलाइन भरला तर 625 डॉलर, दोन्हीकडे सारखेच. पुढे मुंबईच्या वाटेने 325 व्हिसा अर्जाचे, 120 हमीपत्राचे, 235 कार्डाचे, मिळून 680. अमेरिकेत आय-485 चेच 1440, कामाची परवानगी हवी तर 260 आणि प्रवासाची 630. मेडिकल दोन्हीकडे वेगळं, आणि इथे ते बरंच स्वस्त पडतं. हे 2024 च्या एप्रिलमधले दर आहेत. भरायच्या दिवशी सरकारी साइटवर पाहूनच भरा.

नकाराच्या बाबतीत मात्र तिकडची वाट बळकट आहे. कॉन्सुलेटच्या निर्णयावर सहसा कोर्टात जाता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. तिथे आतून केलेला अर्ज फेटाळला तर फेरविचार मागता येतो, इमिग्रेशन कोर्टापुढे पुन्हा बाजू मांडता येते. म्हणून ज्यांच्या इतिहासात जुना ओव्हरस्टे (मुदतीपेक्षा जास्त राहणं), खटला किंवा आधीचा नाकारलेला व्हिसा आहे, त्यांनी मुंबईचं तिकीट काढायच्या आधी वकिलाला फी देऊन बसावं. इथे काटकसर नको.

नवरा-बायकोचं गणित वेगळं आहे. मुलगी आधीच एच-1बी या नोकरीच्या किंवा विद्यार्थी व्हिसावर तिकडे असेल आणि नागरिकाशी लग्न झालं असेल, तर मी तिला तिथेच अर्ज कर म्हणेन. नोकरी, घर, संसार सगळं तिथे आहे. ती डोंबिवलीत असेल तर कॉन्सुलेटचीच वाट: उतरल्या दिवसापासून नोकरी करता येते, कामाच्या परवान्याची वाट पाहत घरी बसावं लागत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोन्हीकडे आधी दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं.

आणि आई-बाबांना मुळात तिकडे राहायचंय का, हे त्यांना कुणी विचारलंय? कार्ड घेऊन वर्षभराहून जास्त काळ इथे राहिलं तर ते धोक्यात येतं; री-एंट्री परमिटने दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. मेडिकेअर हा तिथला सरकारी आरोग्य विमा 65 नंतर आणि तिथे सलग पाच वर्षं राहिल्यावर. तोवर विम्याचा हप्ता मुलाच्या खिशातून. ज्यांना वर्षातून चार-पाच महिने नातवंडांत घालवून परत आपल्या सोसायटीत, आपल्या भजनी मंडळात यायचंय, त्यांच्यासाठी टूरिस्ट व्हिसाच बरा. एका खेपेला साधारण सहा महिने मिळतात. मावशीला मी हे मेथी निवडतानाच विचारलं होतं. ती म्हणाली, "रात्री दाराला आतून कडी लावायला आता भीती वाटते गं." त्यानंतरच मी पीसीसीची अपॉइंटमेंट घेतली.