लिलावाच्या साइटवर नऊ महिने: बुडव्या निघून जातो, त्याने चढवलेली किंमत मागे राहते

एकच ५० एमएमची लेन्स मी गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा लिलावाला लावली. आधी दोनदा ती विकली गेली, म्हणजे पडद्यावर तरी तसं दिसलं. दोन्ही वेळा जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत आणि मेसेजला उत्तरही दिलं नाही. चार दिवस वाट पाहायची, पाचव्या दिवशी व्यवहार रद्द करायचा, मग कमिशन परत. लिस्टिंग वर दिसावी म्हणून भरलेले जादा पैसे मात्र परत येत नाहीत. मी खोकी आणि चिकटपट्टीचाही हिशेब ठेवणारी विक्रेती आहे, त्यामुळे हे पैसे मला दर वेळी टोचतात.

साइटची ओळख करून देत बसत नाही, कमिशन आणि सात दिवसांचे लिलाव सगळ्यांना पाठ आहेत. नऊ महिन्यांत ६१ लिलाव केले, त्यातले ७ बुडाले. हे त्या सातांबद्दल.

पहिले तीन महिने माझा सगळा राग शून्य फीडबॅकवाल्यांवर होता. नवं खातं दिसलं की बोली रद्द, खातं ब्लॉक. एकाने लिहिलं, ‘सगळेच असं करत असतील तर मी सुरुवात कुठून करायची?’ उत्तर सुचेना, म्हणून ब्लॉक काढला. तो जिंकला आणि दहा मिनिटांत पैसे भरून मोकळा झाला. त्याच महिन्यात २१४ फीडबॅक असलेल्या खात्याने मला बुडवलं. मग नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की या साइटवर विक्रेता खरेदीदाराला वाईट फीडबॅक देऊच शकत नाही. ईबे या लिलाव साइटने २००८ मध्ये हेच केलं होतं. सूड म्हणून दिलेल्या वाईट शेऱ्यांना खरेदीदार घाबरत होते, तेव्हा कारण समजण्यासारखं आहे. पण परिणाम असा की २१४ या आकड्यातून मला एवढंच कळतं की २१४ व्यवहार पार पडले. किती बुडवले, ते कुठेच दिसत नाही. तेव्हा माझं आधीचं मत मी मागे घेते. आता मी फीडबॅक बघत नाही. न भरलेल्या व्यवहारांची नोंद असलेली खाती आपोआप अडवायची सेटिंग चालू ठेवते आणि बोली लावण्याआधी पेमेंटचा मार्ग जोडण्याची अट घालते. फरक पडला. सातपैकी पाच जण या दोन सेटिंग लावण्याआधीचे आहेत.

इथवर सगळं सहन करण्यासारखं आहे. माझी खरी तक्रार आहे ती ‘सेकंड चान्स’च्या बटणाबद्दल.

समजा तिघांनी बोली लावली. कमाल मर्यादा अनुक्रमे ५००, ७०० आणि ९००, बोलीची पायरी १०. साइट मर्यादा गुप्त ठेवते आणि गरजेपुरतीच बोली वाढवते, म्हणून तिसरा ७१० ला जिंकतो. तो पैसे भरत नाही. मग साइट मला सांगते, दुसऱ्या क्रमांकाला संधी द्या. किती रकमेला? तर त्याच्या पूर्ण मर्यादेला, ७०० ला. पण तिसरा आलाच नसता तर दुसऱ्याला लेन्स ५१० ला मिळाली असती! जो माणूस आता व्यवहारातच नाही, त्याने चढवलेले १९० या प्रामाणिक माणसाने भरायचे.

दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरवण्याच्या पद्धतीचं विश्लेषण अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये केलं होतं. तिचं बळ एकाच गोष्टीत आहे: आपली खरी मर्यादा निर्धास्तपणे सांगावी, कारण सांगितली म्हणून तेवढी भरावी लागत नाही. हे बटण नेमका तोच भरवसा मोडतं.

मला हे कळलं ते एका मेसेजमुळे. आधीच्या एका वेगळ्या लेन्सच्या लिलावात वरचा बुडवून गेला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या बाईंना मी ऑफर पाठवली आणि उत्तर आलं, ‘वरची बोली तुमच्याच दुसऱ्या खात्याची होती ना?’ दोन दिवस ते वाक्य मनातून गेलं नाही. आणि त्यांचं चूक म्हणता येईना. स्वतःच्याच मालावर बनावट बोली लावणारा विक्रेता आणि बुडव्या खरेदीदाराने अडकवलेला विक्रेता, समोरून दोघे सारखेच दिसतात. बोली चढते, वरचा गायब होतो आणि विक्रेता तुमची शेवटची मर्यादा मागत येतो. मी खरी आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

ग्राहक सेवेला तीनदा लिहिलं. बुडव्याची बोली वगळून किंमत पुन्हा मोजा, एवढीच मागणी. बोलींचा इतिहास त्यांच्याकडे आहे, वजाबाकी सोपी आहे. तिन्ही वेळा एकच उत्तर: ‘ऑफरची रक्कम बदलता येत नाही.’

शेवटी इतिहास उघडून हिशेब मीच केला. बुडव्याशिवाय निघणारी किंमत लावून ती लेन्स ठरावीक किमतीच्या लिस्टिंगमध्ये टाकली आणि त्या बाईंना लिंक व हिशेब दोन्ही पाठवले. त्यांनी तासाभरात घेतली. हातातली रक्कम सोडताना मला जड गेलं, हे खरं. पण नंतर त्यांनी माझ्याकडून आणखी दोन लेन्स घेतल्या, दोन्ही लिलावात, निर्धास्तपणे बोली लावून. आता सेकंड चान्सचं बटण मी वापरतच नाही.

बोली मागे घेण्याच्या नियमाबद्दलही थोडं. ईबेवर शेवटच्या १२ तासांत बोली मागे घ्यायची तर ती लावल्यापासून तासाभराच्या आत घ्यावी लागते. इथे शेवटच्या मिनिटापर्यंत मोकळीक आहे. त्यामुळे एका खात्याने छोटी बोली लावायची, त्याच्या साथीदाराने प्रचंड बोलीने इतरांना पळवून लावायचं आणि संपता संपता ती काढून घ्यायची, म्हणजे छोटी बोलीच जिंकते, हा डाव इथे सहज जमतो. माझ्याबाबत एकदाच घडलं, पण माल कवडीमोलाने गेला.

पाचपैकी तीन तारे. फोटो, शोध, पैसे खात्यात जमा होण्याचा वेग, यांत काही खोट नाही. किंमत मोजण्याची पद्धत बदलली तर चौथा तारा त्याच दिवशी देईन. चौथं पत्र आज पाठवलं आहे, वरच्या आकडेमोडीसकट.

५० एमएमच्या लिलावाचे दोन दिवस उरलेत. सध्या सर्वात वर शून्य फीडबॅकचं खातं आहे. ती बोली मी रद्द केलेली नाही.