ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतर हातासाठी टीएमएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाठ काढल्यावर एका बाजूचा हात अशक्त झालेल्या पेशंटसाठी आमच्या फिजिओ विभागात टीएमएस, म्हणजे डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून (कॉइल) मेंदूला चुंबकीय ठोके (पल्स) देणारं मशीन, नियमित वापरात आहे. मशीन कामाचं आहे, पण कॉइल उचलल्यानंतरचा अर्धा तास हाताच्या व्यायामाला दिला नाही तर मेहनत पाण्यात.

गाठ होती त्याच्या विरुद्ध, म्हणजे चांगल्या बाजूच्या मोटर (हालचालीच्या) भागावर १ हर्ट्झने १५ मिनिटं, एकूण ९०० पल्स, ताकद थ्रेशोल्डच्या (स्नायू जेमतेम हलवणाऱ्या ताकदीच्या) ११० टक्के. चांगली बाजू दुसरीला दाबून ठेवते, तो दाब उतरवायचा. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) पेशंटवर केलेल्या चाचणीतही (२०२१) हीच पद्धत होती. टाक्यांच्या जागेला हात लावावा लागत नाही, हे फार सोयीचं.

खरी कसोटी कॉइल बसवण्यात. आठच्या आकाराच्या कॉइलचा दांडा मागे आणि बाहेर, मधल्या रेषेशी ४५ अंशांत. ज्या सर्वात कमी ताकदीला दहापैकी पाच पल्सना हाताच्या स्नायूतून निदान ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद येतो, तो थ्रेशोल्ड. पेशंटला डुलकी लागते, मान कलते, कॉइल सेंटीमीटरभर सरकते. मग अंगठ्याऐवजी मनगट उडतं किंवा गाल ओढला जातो. नॅव्हिगेशन (कॉइलची जागा स्क्रीनवर दाखवणारी यंत्रणा) नसेल तर टोपीवर खूण करा आणि मानेला उशी द्या. कानात बोळे पेशंट आणि थेरपिस्ट दोघांच्याही हवेत, टकटक चांगलीच मोठी असते.

फिटची गोळी चुकली असेल किंवा रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशी मशीन लावू नये. कॉक्लिअर इम्प्लांट (कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असेल तर नाहीच. चुंबकाने सेट होणारा शंट (मेंदूतलं पाणी काढणारी नळी) किंवा रक्तवाहिनीवर क्लिप असेल तर सर्जनच्या लेखी होकाराशिवाय सुरुवात नको. कवटीच्या टायटॅनियम प्लेटची सहसा अडचण येत नाही, तरी ऑपरेशनची नोंद वाचूनच घ्यावी.

सुधारणेचं सगळं श्रेय मशीनला देणं मात्र चूक. एसएमए (हालचालीची आखणी करणाऱ्या) भागाजवळच्या ऑपरेशननंतरची कमजोरी बरेचदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, सूज उतरल्यानेही हात हलू लागतो. म्हणून पहिल्या दिवशीच पकडीचा जोर आणि नऊ खुंट्यांच्या चाचणीचा (खुंट्या भोकांत बसवून काढण्याचा) वेळ लिहून ठेवा. उलट, दोन्ही मांड्या ढिल्या पडून खुर्चीतून उठणं जड जात असेल, तर आधी डेक्सामेथासोनकडे बघा; सूज उतरवणाऱ्या या स्टेरॉइडनेही मांड्या अशक्त होतात.

पायासाठी ही कॉइल तोकडी पडते. पायाचा भाग दोन गोलार्धांच्या फटीत खोल आहे, तिथे कोनात वाकलेली डबल-कोन कॉइल लागते.