आयजीई की आयजीजी: मुलाच्या ताटातून काय काढायचं?

आयजीई आणि आयजीजी या रक्तातल्या दोन वेगळ्या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) चाचण्या. दोन्ही रिपोर्टांत ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं, पण अर्थ वेगळा. आयजीई चाचणी खऱ्या अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवते, तेही लक्षणांशी जुळली तरच. दूध प्यायल्यावर काही मिनिटांत ते 2 तासांत अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, उलटी झाली, तर दूध पूर्ण बंद. मग म्हशीचं किंवा बकरीचंही नको; प्रथिनं जवळजवळ सारखीच असतात. नागपुरात घोळ होतो तो संत्रा बर्फीपाशी: फळाची समजून दिली जाते, आणि तिच्यात खवा असतो. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर टपरीवरचे तर्री पोहे नकोतच. दाणे वेचले तरी अंश उरतो. असा पदार्थ घरी ‘थोडा देऊन’ कधीच पाहू नका. श्वास लागला, तर थेट इस्पितळ गाठा.

आयजीजीची लांबलचक ‘सेन्सिटिव्हिटी’ (म्हणजे न सोसणाऱ्या पदार्थांची) यादी बाजूला ठेवा. मूल जे नेहमी खातं, बहुधा तेच तिच्यात झळकतं. त्यावरून गहू, दूध, अंडी, डाळी एकदम तोडल्या की वजन खुंटू शकतं. पोटदुखीसारखी उशिरा येणारी तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारून एकच पदार्थ 2 ते 4 आठवडे थांबवा, रोज नोंद ठेवा, मग त्यांच्याच सल्ल्याने पुन्हा द्या. फरक नसेल, तर तो ताटात परत.