संगणक सुरू होताच आपोआप उघडणारी ॲप्स : बंद कुठून करायची?

संगणक सुरू केला की चॅटचं ॲप, गेमचा लाँचर आणि प्रिंटरचा कुठलासा मदतनीस न बोलावता हजर होतात. विंडोजवर त्यांना थोपवण्याचे मार्ग बरेच आहेत आणि प्रत्येकाची पोहोच वेगळी आहे. बहुतेकांचं काम पहिल्या दोनांतच भागतं.

पहिला मार्ग म्हणजे त्या ॲपचीच सेटिंग्ज. 'संगणक सुरू होताना उघडा' अशा अर्थाची खूण तिथे असते, ती काढायची. ही पद्धत सर्वांत स्वच्छ, कारण ॲप स्वतःच आपली नोंद मागे घेतं. अडचण इतकीच, की प्रत्येक ॲपमध्ये ही खूण वेगळ्या कोपऱ्यात असते आणि काहींमध्ये नसतेच. शिवाय एखादं ॲप अपडेटनंतर ती गुपचूप पुन्हा चालू करतं.

दुसरा मार्ग टास्क मॅनेजरचा, म्हणजे चालू असलेली ॲप्स दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीचा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि 'स्टार्टअप' भागात जा. विंडोज ७ पर्यंत ही यादी सिस्टिम कॉन्फिगरेशन (msconfig) या विंडोजच्याच साधनात होती, विंडोज ८ पासून इथे आली. नको त्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' केलं की झालं. ॲपची नोंद पुसली जात नाही, विंडोज तिच्यावर 'बंद' अशी खूण स्वतःकडे ठेवतं. त्यामुळे विचार बदलला तर एका क्लिकमध्ये पूर्ववत होतं. हीच बटणं सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि मग 'स्टार्टअप' इथेही आहेत. टास्क मॅनेजरची खिडकी पाहून बिचकणाऱ्यांना मी तिकडेच पाठवतो.

या यादीतला 'स्टार्टअप इम्पॅक्ट' हा रकाना नीट वाचण्यासारखा आहे. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन झालं की विंडोज त्याला 'हाय' म्हणतं. प्रोसेसरचा वेळ ३०० मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि डिस्कचं काम ३०० केबीपेक्षा कमी असेल तर 'लो'. म्हणजे दहा 'लो' बंद करून जे साधत नाही, ते दोन 'हाय' बंद करून साधू शकतं. मात्र 'हाय' दिसलं म्हणून डोळे मिटून बंद करू नका. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाच्या ड्रायव्हरचे मदतनीस राहू द्यावेत. क्लाउड सिंकचं ॲप बंद केलंत, तर ते तुम्ही स्वतः उघडेपर्यंत फायली वर चढणार नाहीत.

यादीत नाव नाही, तरी ॲप उघडतंच? मग ते सर्व्हिस म्हणून, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम म्हणून, किंवा टास्क शेड्युलर या ठरवून ठेवलेली कामं चालवणाऱ्या विंडोजच्या साधनातून येत असावं. सर्व्हिसेससाठी सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडा आणि आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवण्याची खूण करा. तेवढं न करता हात घातलात तर नको ते बंद पडेल.

सगळं एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर ऑटोरन्स. सिसइंटर्नल्सचं हे फुकट साधन आहे. ती कंपनी मायक्रोसॉफ्टने २००६ साली घेतली. ऑटोरन्स इन्स्टॉल करावं लागत नाही आणि रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), सर्व्हिसेस, ठरवून ठेवलेली कामं असं सगळं दाखवतं. पण दाखवतं इतकं, की नवखा गांगरून जाईल. वापरलंतच तर खूण काढा, नोंद डिलीट करू नका. काढलेली खूण परत करता येते.

संगणक 'वेगवान' करून देणारे क्लीनर मात्र मी सुचवणार नाही. जे ते करतात ते विंडोजमध्ये आधीच आहे आणि त्यातले कित्येक स्वतःच स्टार्टअपच्या यादीत जाऊन बसतात.

मॅकवर निवडीचा घोळ कमी. मॅकओएसच्या व्हेंच्युरा आवृत्तीपासून सिस्टिम सेटिंग्जच्या 'जनरल'मधल्या लॉगिन आयटम्समध्ये उघडणारी ॲप्स आणि पार्श्वभूमीत चालणारी कामं, दोन्ही दिसतात.

विंडोजवर सगळं बंद करूनही कालचीच ॲप्स पुन्हा समोर येत असतील, तर दोष स्टार्टअपच्या यादीचा नसेलही. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' आणि मग 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये, उघडी असलेली ॲप्स लक्षात ठेवून पुढच्या साइन-इनला परत उघडण्याचं बटण आहे. ते बंद करून पाहा.